तुझ्या नावाची कादंबरी

कोगनोळी, ता. निपाणी,
जि. बेळगाव

चि. वीरधवल यास,


ईराच्या शाळेत घरातल्या एखाद्या नावामागची गोष्ट सांगायची आहे आणि तिने बाबाचंच नाव निवडलंय, हे तुझ्या निरोपावरून कळलं. "आबांनी ठेवलं एवढंच मला माहीत आहे, पाच ओळीत कळव," असं तू लिहिलंस. पाच ओळीत मावेल असं ते प्रकरण नाही. आणि मोबाइलवर एवढं टाइप करायला माझ्या अंगठ्यात दम नाही, म्हणून हे रीतसर पत्र. लांबलं तर दोन बैठकीत वाच आणि ईराला तिच्या बेताचं तेवढं सांग.

तुझं नाव एका कादंबरीतून आलंय. कादंबरी 'वीरधवल', साल 1913, लेखक नाथमाधव. तुझा एखादा गुजराती मित्र म्हणेल की हे तर आमच्याकडचं नाव, आणि त्याचंही खरं आहे. तेराव्या शतकात धोळक्याला वाघेला घराण्यातला राणा वीरधवल होऊन गेला. अबूच्या डोंगरावर संगमरवराचं ते कोरीव देऊळ बांधणारे वस्तुपाल-तेजपाल त्याचेच मंत्री. पण आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, अबूही ठाऊक नव्हता आणि धोळकाही. त्यांचा वीरधवल छापील होता.

आता नाथमाधवांविषयी सांगते, कारण नावाची गोष्ट म्हणजे खरं तर या माणसाची गोष्ट आहे. द्वारकानाथ माधव पितळे हे त्यांचं खरं नाव. जन्म मुंबईचा, 3 एप्रिल 1882 चा. कॉलेजचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. शाळा सुटल्यावर कुलाब्याला सरकारी तोफांच्या कारखान्यात नोकरीला लागले. नाद एकच, शिकारीचा. सुट्टी मिळाली की बंदूक घेऊन रानात. अशाच एका शिकारीला सिंहगडावर गेले असताना कड्यावरून पाय सुटला आणि खाली कोसळले. वय पंचविशीच्या आतबाहेर. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग लुळं पडलं ते कायमचं.

सिंहगड तू कॉलेजात असताना चढलायस. त्या बाजूचे कडे आठव आणि मग त्या काळातलं वैद्यक आठव. पेनिसिलिन नाही. कमरेखालचं अंग गेलेली माणसं तेव्हा बहुधा वर्ष-दोन वर्षांत जायची. अंथरुणाला पाठ लागून जखमा व्हायच्या, लघवीच्या मार्गाला संसर्ग व्हायचा आणि ताप डोक्यात जायचा. अशा रुग्णांना धडपणे जगवायचं शास्त्र उभं राहिलं ते 1944 नंतर, इंग्लंडात स्टोक मँडेव्हिलला. ते उभं करणारे डॉ. लुडविग गुटमन तुम्ही राहता त्या जर्मनीतूनच हिटलरच्या धास्तीने बाहेर पडलेले. नाथमाधव मात्र त्या पडण्यानंतर वीस वर्षांहून जास्त जगले. ते कुणाच्या शुश्रूषेमुळे, किती कष्टाने, याचा हिशेब मराठी वाङ्मयाच्या इतिहासात कुणी मांडत नाही. घरात कुणीतरी दिवसातून कितीदा तरी त्यांची कूस बदलली असणार. मी आईला शेवटची दोन वर्षं सांभाळलं, म्हणून माझं लक्ष आधी तिकडे जातं.

नोकरी संपली, बंदूक सुटली, हातात पुस्तक आलं. वाचता वाचता लिहू लागले. 1908 मध्ये पहिली कादंबरी आली, 'प्रेमवेडा'. लेखक 26 वर्षांचा. पुढच्याच वर्षी 'सावळ्या तांडेल', नावावरूनच कळावं की दर्यावरची. 1913 मध्ये 'वीरधवल'. मग 'सोनेरी टोळी', मग तीन भागांची 'डॉक्टर' ही सामाजिक कादंबरी, आणि 1921 पासून शिवकाळावरची ती मोठी माळ: 'स्वराज्याचा श्रीगणेशा', 'स्वराज्याची स्थापना', 'स्वराज्याचा कारभार', 'स्वराज्यावरील संकट' आणि पुढच्या. 21 जून 1928 रोजी वारले. अवघं 46 वय. म्हणजे लिहायला मिळाली वीस वर्षं, तीही बसून किंवा पडून.

इथे थांबून एक सांगते. अशा माणसाविषयी बोलताना लोकांचा गळा लगेच दाटून येतो: पाय नव्हते तरी केवढी भरारी वगैरे. मला ते पटत नाही. नाथमाधवांचे वाचक त्यांच्या पायांसाठी पुस्तक उघडत नव्हते. पुढच्या प्रकरणात काय होतं हे कळल्याशिवाय दिवा मालवता येत नाही, म्हणून उघडत होते. ही कारागिरी आहे. प्रकरण नेमकं कुठे तोडायचं, कोणता माणूस कोणत्या दारातून आणायचा, वाचकाला काय आधी कळू द्यायचं आणि पात्रापासून काय लपवायचं, हे शिकावं लागतं. त्यांनी ते शिकून घेतलं होतं.

कुणाकडून शिकले, हेही मजेदार आहे. त्यांच्या आधीच्या पिढीपासून इंग्रजी शिकलेली मराठी पोरं रेनॉल्ड्स नावाच्या लेखकाने झपाटलेली होती. जॉर्ज रेनॉल्ड्स, 1814 ते 1879. लंडनमध्ये एक पेनीला मिळणाऱ्या साप्ताहिक भागांत त्याची 'मिस्टरीज ऑफ लंडन' 1844 पासून निघत होती आणि डिकन्सहून अधिक खपत होती म्हणतात. उमरावांची लफडी, तळघरं, खून, वेषांतरं. गडी मात्र मजुरांच्या मताधिकारासाठी भांडणारा चार्टिस्ट होता. इंग्रजांनी त्याला पुढे साफ विसरून टाकलं, आपल्याकडे तो उशाशी राहिला. खुद्द हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' (1885) त्याच्याच आधाराने उभी आहे. हरिभाऊ लवकरच त्या वळणावरून बाजूला झाले. नाथमाधवांनी तेच वळण पुढे नेलं. 'वीरधवल' ही त्या जातीची, मराठीत तिला अद्भुतरम्य म्हणतात. लंडनची गल्ली गेली, राजवाडे आले, पण वाचकाचा श्वास कोंडून धरायची युक्ती तीच.

हे सगळं मुंबई-पुण्याचं आहे, आपल्या भागाचा काय संबंध, असं वाटू देऊ नकोस. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी 'मोचनगड' 1871 ची. तिचे लेखक रामचंद्र भिकाजी गुंजीकर जन्मले ते जांबोटीला, आपल्याच बेळगाव जिल्ह्यात, खानापूरच्या जंगलाच्या तोंडाशी. किल्ला, कैद, सुटका, शिवकाळ हे सगळं पहिल्यांदा मराठी कादंबरीत आणलं ते आपल्या जिल्ह्यातल्या माणसाने. आणि हरिभाऊंच्या ऐतिहासिक कादंबऱ्या पुढे गळगनाथांनी कन्नडमध्ये नेल्या; कन्नड वाचकांच्या कितीतरी घरांत शिवाजी महाराज असे मराठी कादंबरीच्या दारातून गेले. आमच्या नाक्यावर दर काही वर्षांनी सीमावादावरून महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांचे पोलीस समोरासमोर उभे राहतात आणि गाड्यांची रांग दूधगंगेच्या पुलापर्यंत जाते. तेव्हा मला हे गळगनाथ आठवतात. टीव्हीवाल्यांना नाही आठवत.

आता आबांकडे येते. आबा फायनल पास, म्हणजे सातवीपर्यंत शिकलेले. तेव्हा आपला तालुका चिक्कोडी आणि राज्य मुंबई. 1956 ला आपण म्हैसूर राज्यात गेलो, पण त्याआधीच आबांचं वाचन पक्कं झालं होतं. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 चं आणि कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर 1850 चं. आबांचे मामा कोल्हापुरात राहायचे आणि वाचन मंदिराचे सभासद होते. बाजाराच्या गाडीतून पुस्तक यायचं आणि मुदत संपायच्या आत परत जायचं. मुदत थोडी, पानं जास्त, म्हणून सगळं घर मिळून ऐकायचं. असं जोराने वाचायची सवय त्यांना लागली.

आपल्या घरी तंबाखू. तू लहान होतास तेव्हा ती जवळजवळ बंद झाली होती, म्हणून तुला हे ठाऊक नसेल. कापलेली तंबाखू रानातच वाळत घालतात. उन्हात पान एवढं कडक होतं की हात लावला तर चुरा होतो, आणि चुऱ्याला भाव नाही. म्हणून उचलायची ती पहाटे, दव पडून पान मऊ झाल्यावर. ते दव किती वाजता पडेल हे कुणाच्या हातात नसतं. मग राखणीला आणि उचलायला आलेली माणसं रात्रभर रानातच. घोंगडी पांघरून, कंदील मध्ये ठेवून आबा वाचायचे आणि दहा-बारा जण ऐकायचे. त्यांतल्या निम्म्यांना अक्षरओळख नव्हती. मी फ्रॉकमधली पोर, आजोबांबरोबर जायचा हट्ट करायची. एकदा वीरधवलचं प्रकरण ऐन रंगात असताना एकाने पान चाचपून सांगितलं, "मऊ आलं की रं!" आणि सगळे उठले. फक्त एक म्हातारा बसून राहिला. "त्यो सुटला का न्हाई तेवढं सांगा आण्णा, मग उठतो." आबांनी पुस्तक मिटलं. "उद्या," म्हणाले. दुसऱ्या रात्री तो म्हातारा सगळ्यांच्या आधी हजर. मजुरी ठरवताना जेवढी घासाघीस चालायची, तेवढी त्या रात्री झाली नाही, असं आई हसत सांगायची.

आबांनी पुढे निपाणीत जुन्या बाजारात स्वतःची प्रत घेतली. ती माझ्याकडे आहे. पुठ्ठा मूळचा नाही, बांधणाऱ्याने निळं कापड लावलंय. सुरुवातीची पानं गेली आहेत, मधल्या काही पानांवर कंदिलाच्या काजळीचा पट्टा आहे, आणि समासात आबांच्या पेन्सिलीच्या उभ्या रेघा. पहिल्यांदा मला वाटलं, आवडलेली वाक्यं असतील. तसं नाही. जिथे थांबायचं ते त्यांनी आधीच वाचून ठरवून ठेवलं होतं. नाथमाधवांनी प्रकरण एका ठिकाणी तोडलेलं, आबांनी त्याच्या आत आणखी एक तोड काढलेली.

तुझा जन्म झाला तेव्हा नावावरून घरात बराच खल झाला. तुझ्या आईला त्या वेळी गाजत असलेलं कुठल्यातरी खेळाडूचं नाव हवं होतं, तुझ्या बाबाला काहीच मत नव्हतं, नेहमीप्रमाणे. भटजींनी अक्षर काढलं 'व'. आबा म्हणाले, "अक्षर आलंय, नाव माझ्याकडं कवाचं आहे." बारशाला पाळण्यावर वाकून तुझ्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. कानात नाव पुटपुटलं आणि मागून बायकांनी पाठीत असे धपाटे घातले की दोन दिवस पाठ दुखत होती. तुझ्या आईने त्यानंतर बरेच महिने तुला 'बाळ्या'च म्हटलं. तिच्यासमोर हे वाचू नकोस.

अशी नावं कादंबरीतून घरात येणं आपल्याकडे नवल नाही. कोल्हापूर भागात वीरधवल नावाचे आणखीही आहेत. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकला पोहलेला आणि 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायला कांस्य मिळवणारा वीरधवल खाडे कोल्हापूरचाच. भारताला पोहण्यात आशियाई पदक 1986 नंतर तेव्हाच मिळालं. ईराला हा वीरधवल जास्त आवडेल बहुतेक.

तुझ्या ड्रेस्डेनमधल्या मंडळींना समजावायचं असेल तर एक सोपी वाट आहे. राडेबॉइल तुझ्या घरापासून ट्रामच्या अंतरावर. तिथे कार्ल मायचं घर आहे, आता त्याचं संग्रहालय झालंय. 1842 चा जन्म, तरुणपणी चोरी-फसवणुकीपायी तुरुंगात गेलेला, आणि नंतर 'विनेतू'सारख्या पुस्तकांतून अमेरिकेतल्या रानातली साहसं लिहून सगळ्या जर्मनीला वेड लावणारा. ती साहसं लिहिली तेव्हा त्याने अमेरिका पाहिलीच नव्हती. गेला तो 1908 मध्ये, म्हातारपणी, आणि तेव्हाही पश्चिमेच्या रानापर्यंत पोचला नाही. वर वाचकांना सांगायचा की पुस्तकातला ओल्ड शॅटरहँड म्हणजे मीच. त्याच 1908 मध्ये मुंबईत नाथमाधवांचं पहिलं पुस्तक निघत होतं. माय 1912 ला गेला, 'वीरधवल' 1913 ची. तुझ्या जर्मन मित्रांना सांग की आमचा कार्ल माय. पण एवढंही सांग की आमचा खरंच रानात हिंडला होता, कडा त्याने पायांनी ओळखला होता आणि त्याची किंमत चुकवली होती.

तू विचारशील, एवढं मोठं नाव, मग आम्हाला शाळेत का नव्हतं? मी तीस-पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, माझ्या हातून गेलेल्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाथमाधव भेटले नाहीत. टीकाकारांनी त्यांना 'लोकप्रिय' म्हणून बाजूच्या पाटावर बसवलं. तोच पाट नंतर रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांना मिळाला, काही अंशी गुरुनाथ नाईकांनाही. यात अन्याय आहे असं मी सरसकट म्हणणार नाही. 'वीरधवल' आज वाचताना योगायोग पावलोपावली अडखळवतात. माणसं चांगली तरी असतात किंवा वाईट तरी, अधलीमधली कमी. भाषा अघळपघळ, जिथे एका वाक्यात भागतं तिथे तीन. हरिभाऊंच्या 'पण लक्षात कोण घेतो'मधली यमू जशी वाचून संपल्यावरही घरात वावरत राहते, तसं नाथमाधवांचं एकही पात्र राहत नाही. हे मान्यच करायला हवं.

पण त्यांची शिवकाळावरची पुस्तकं वेगळ्या मापाची आहेत. हरिभाऊ 1919 ला गेले, टिळक 1920 ला. 1921 मध्ये 'स्वराज्याचा श्रीगणेशा' असं नाव लावून कादंबरी दुकानात येते, तेव्हा घेणारा माणूस फक्त सतराव्या शतकाकडे बघत नसतो. एका पडलेल्या माणसाने एकामागून एक कादंबऱ्यांत शिवाजी महाराजांपासून पुढचा काळ उभा करायला घेतला आणि मरेपर्यंत ते काम सोडलं नाही. इतिहासाची पुस्तकं ज्यांच्या हाती कधी पडणार नव्हती, अशा घरांना कारभार म्हणजे काय, गड राखायचा म्हणजे काय, दुफळीने काय होतं हे या कादंबऱ्यांनी सांगितलं. त्यातलं किती इतिहासाला धरून आहे यावर जाणते भांडतील. आपल्या रानातल्या कंदिलाभोवती बसलेल्या म्हाताऱ्याला कुणी त्याआधी काहीच सांगितलेलं नव्हतं.

आणि एक. अण्णाभाऊ साठ्यांची 'फकिरा' 1959 ची, तू ती वाचली आहेस, तुला आवडली होती. तिच्यात लढणारा माणूस राजवाड्यातला नाही, वाटेगावच्या मांगवाड्यातला आहे. मराठी साहसकथेने नाथमाधवांनंतर कुठवर मजल मारली ते तिथे दिसतं. ईरा मोठी झाली की तिला दोन्ही दे.

पुस्तक पोस्टाने पाठवत नाही, बांधणी टिकायची नाही आणि परदेशी पोस्टाचे दर तुला माहीत आहेत. 'वीरधवल' बाजारात नव्या छपाईत मिळते, पुण्याला तुझ्या मित्राला सांगून मागव. पन्नासेक पानांत मन लागलं नाही तर खुशाल सोड, नाव तुझं आहे म्हणून संपवायची सक्ती नाही, मला राग येणार नाही. 'स्वराज्याचा श्रीगणेशा' मात्र शेवटपर्यंत वाच, आणि ईराला मोठ्याने वाचून दाखव. मराठी तिला अर्धीच कळली तरी चालेल.

सौ. ला आशीर्वाद, ईराला गोड पापा.

तुझी,
आत्या